डनॉटर: एवढा कडा असूनही किल्ला का पडला?

प्रश्न असा आहे. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, स्टोनहेवन गावाच्या दक्षिणेला साधारण ३ किलोमीटरवर डनॉटर किल्ला आहे. भोवती सुमारे ५० मीटर तुटलेला कडा, खाली उत्तर समुद्र, आणि मुख्य भूमीशी जोडणारी एकच चिंचोळी पट्टी. अशी जागा लाभूनही हा किल्ला पुन्हा पुन्हा का पडला? आणि आज तिथं पडक्या भिंतींखेरीज बघण्यासारखं काय उरलं आहे?

कडा माणसाला अडवतो. शिड्या लावता येत नाहीत, भिंतीखाली सुरुंग खणता येत नाही, चाकांचे मनोरे जवळ आणता येत नाहीत. पण भूक, समोरच्या टेकाडावरून सुटलेला तोफगोळा आणि मालकानं राजकारणात निवडलेली चुकीची बाजू, या तिन्हींपुढे कड्याचा काही उपयोग नसतो. डनॉटरचा सगळा इतिहास या तीन गोष्टींत बसतो. त्यात तिसरीचा वाटा सर्वांत मोठा आहे. आज दिसणारी बहुतेक पडझड लढाईत झालेली नाही. ती जप्ती आणि विक्रीनंतर झाली. हे माहीत असेल तर अवशेष वेगळे दिसू लागतात.

सुरुवात दगडापासून करायला हवी, कारण तो या किल्ल्याचा पहिला तट आहे. हा कडा काँग्लोमरेट या खडकाचा आहे. प्राचीन नद्यांनी वाहून आणलेले गोलसर गोटे वाळू-गाळात पक्के रुतून तो बनला. जवळ गेलात की मुठीएवढ्यापासून डोक्याएवढ्यापर्यंतचे गोटे उघड दिसतात. या खडकाचे दोन गुण लक्षात ठेवा. एक, तो सपाट थरांत सुटत नाही, म्हणून कडे उभे राहतात. दोन, त्याला टाकीनं घडवता येत नाही, कारण छिन्नी एका गोट्याला लागते आणि शेजारचा अख्खाच निखळतो. त्यामुळे भिंतींचा मोठा भाग ओबडधोबड दगड-चुन्याचा आहे, आणि दारं, खिडक्या, कोपरे अशा नेमक्या जागी वेगळा, घडवता येणारा वालुकाश्म वापरला आहे. दोन्हींचं वय सारखं असलं तरी झीज सारखी होत नाही. खाली समुद्र खडकाच्या भेगांमध्ये शिरून गुहा कोरतो. भरती-ओहोटीच्या पातळीवर त्या सहज दिसतात.

जागा मात्र किल्ल्याहून कितीतरी जुनी. आयर्लंडमधल्या अल्स्टरच्या बखरींत ६८१ आणि ६९४ साली इथल्या गढीला वेढा पडल्याची नोंद आहे. ९३४ साली इंग्लंडमधल्या वेसेक्सचा राजा ॲथेलस्टन उत्तरेकडे स्वारी करत इथवर आला होता. शेजारीच समुद्रात डनिकेर नावाचा सुटा सुळका उभा आहे. तिथं ॲबर्डीन विद्यापीठानं केलेल्या उत्खननातून तिसऱ्या-चौथ्या शतकातली, पिक्ट या स्कॉटलंडच्या प्राचीन लोकांची तटबंदी समोर आली. म्हणजे या किनाऱ्यावर अवघड खडकांना वेढून राहण्याची रीत दगडी किल्ल्याच्या हजार वर्षं आधीची आहे.

मध्ययुगातली पहिली ठळक तारीख लढाईची नाही. १२७६ मध्ये सेंट अँड्रूजचा बिशप विल्यम विशार्ट यानं या कड्यावरच्या चर्चचं पावित्र्यविधान केलं. १२९७ साली इंग्रजांविरुद्ध लढणारा स्कॉटिश नेता विल्यम वॉलेस यानं किल्ला घेतला आणि चर्चमध्ये आश्रय घेतलेल्या ४,००० इंग्रज सैनिकांना जाळलं, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. ती येते सुमारे पावणेदोनशे वर्षांनी रचलेल्या एका वीरकाव्यातून. कड्याचा माथा एकूण दीड हेक्टरपेक्षाही लहान आहे. त्यावरच्या एका चर्चमध्ये ४,००० माणसं मावणं शक्य नाही. किल्ला जिंकला असेल, आगही लागली असेल, पण तो आकडा कवीचा आहे.

१३३६ची हकीकत जास्त भरवशाची आणि माझ्या मते जास्त बोलकी आहे. इंग्लंडचा तिसरा एडवर्ड यानं अर्धवट पडलेला डनॉटर पुन्हा उभारायचं ठरवलं. विल्यम सिंक्लेअर ८ जहाजं घेऊन समुद्रमार्गे आला. बरोबर १६० सैनिक, शिवाय गवंडी आणि सुतार. पण वर्ष संपण्याआधीच स्कॉटलंडचा राजप्रतिनिधी सर अँड्र्यू मरे यानं किल्ला घेतला आणि तटबंदी पुन्हा पाडून टाकली. कड्यावरच्या किल्ल्याचं मूळ दुखणं इथंच कळतं. जहाजं येत राहतात तोवर तो जिवंत राहतो, आणि आजूबाजूचा मुलूख शत्रूच्या ताब्यात असेल तर जहाजांवाचून त्याला दुसरा आधार नसतो.

आज दिसणारा किल्ला कीथ घराण्याचा. स्कॉटलंडचा मार्शल हे वंशपरंपरागत पद त्यांच्याकडे होतं, पुढे त्यांना अर्ल मार्शल म्हणू लागले. चौदाव्या शतकाच्या अखेरीस सर विल्यम कीथ यानं इथं मनोरा बांधला. जमीन चर्चची, पवित्र मानलेली. म्हणून बिशपनं त्याला धर्मबहिष्कृत केलं. १३९५ साली पोप तेराव्या बेनेडिक्टनं चर्चला भरपाई देण्याच्या अटीवर बहिष्कार मागे घेतला. हा मनोरा म्हणजे इथला बालेकिल्लाच: तळाला सुमारे १२ × ११ मीटर, उंची तिकोनी भिंतीच्या टोकापर्यंत १५ मीटर. तळमजल्यावर दगडी कमानीचं छत, त्यावर तीन मजले आणि माळा. तळमजल्याचं छत अजून शाबूत आहे आणि वरचे मजले नाहीत, कारण ते लाकडाच्या तुळयांवर होते. दगडाची कमान स्वतःच्या वजनानंच घट्ट बसते. लाकूड मात्र कुजतं किंवा कोणीतरी काढून नेतं.

सोळाव्या शतकाच्या शेवटी पाचवा अर्ल जॉर्ज कीथ यानं किल्ल्याचा स्वभावच बदलला. ॲबर्डीनचं मार्शल कॉलेज १५९३ साली स्थापन करणारा हाच. त्यानं कड्याच्या ईशान्य कोपऱ्यात चौकाभोवती राजवाडा उभारला: लांबलचक सज्जा, भोजनाचं दालन, स्वयंपाकघर, भट्टी, मद्य बनवायची जागा, सरदाराची खासगी दालनं. वाऱ्यानं झोडपलेल्या या खडकावर बोलिंग या हिरवळीवर गोळे घरंगळवण्याच्या खेळासाठी जागाही राखली होती. किल्ला पाहायला येणारे बरेच जण मनोऱ्याचे फोटो काढून परत फिरतात आणि राजवाड्याकडे जेमतेम नजर टाकतात. डनॉटरचा निम्मा अर्थ त्या राजवाड्यात आहे.

आता दरवाजा. इथं जरा थांबावं, कारण किल्ला किती मजबूत होता याचा हिशोब इथंच होतो. मुख्य भूमीवरून येणारी वाट आधी जवळजवळ समुद्राच्या पातळीपर्यंत खाली उतरते आणि मग चढते. म्हणजे हल्लेखोर चढाला लागेपर्यंत त्याचं सगळं सैन्य वरून दिसत राहतं. चढाच्या तोंडाशी खडकात एक फट आहे. ती अख्खी फट भिंतीनं बुजवून तिच्यात दरवाजा ठेवला आहे, त्यामागे वरून खाली सोडायची जाळीदार झडप. बाजूला बेनहोम्स लॉजिंग ही खडकात कोरून बसवलेली पाच मजली इमारत. तिच्या खालच्या मजल्यांतून तोफा-बंदुकांच्या झरोक्यांच्या तीन रांगा बाहेर रोखलेल्या आहेत. दरवाजा फोडून आत आलात की समोर आणखी चार झरोके. १६१२च्या यादीत या जागी चार पितळी तोफा नोंदलेल्या आहेत. तिथून वाट एकदम डावीकडे वळते, दोन बोगद्यांतून वर चढते आणि मनोऱ्याजवळ बाहेर पडते.

ही स्कॉटलंडमधली सर्वांत भक्कम प्रवेशरचना आहे असा दावा जुन्या अभ्यासकांनी केला. नंतरच्यांनी त्यात खोट काढली आणि मला ती पटते. बाहेरचे झरोके वाटेच्या लांबीवर रोखलेले नाहीत, ते वाटेला आडवे आहेत. वाटेच्या लांबीवर मारा केला तर एक गोळी रांगेतल्या कितीतरी माणसांना धोका ठरते. आडवा मारा केला तर शत्रू क्षणभर नेमापुढून सरकतो आणि निघून जातो. स्वतः तपासून पाहा: झरोक्याच्या बरोबर समोर वाटेवर उभे राहा, मग चार पावलं पुढे जा. झरोक्याचं काळं तोंड तिरकं होऊन दिसेनासं झालं, तर आतल्या बंदूकवाल्यालाही तुम्ही दिसत नाही. धाक दाखवायला ही रचना उत्तम, मारा करायला मध्यम.

उत्तरेच्या अंगाला एक मागची वाटही आहे. कड्याखालच्या गुहेच्या तोंडाशी लहान होडी लागू शकते, तिथून खडी पायवाट चोरदरवाजाकडे येते. रसदीसाठी आणि निसटण्यासाठी ही वाट मुख्य दरवाजाएवढीच महत्त्वाची.

या सगळ्याची खरी परीक्षा झाली १६५१-५२ मध्ये. इंग्लंडमधली राजचिन्हं राजेशाही हटवून सत्तेवर आलेल्या क्रॉमवेलच्या राजवटीनं वितळवून, विकून टाकली होती. स्कॉटलंडचा मुकुट, राजदंड आणि तलवार मात्र शाबूत होती. १ जानेवारी १६५१ रोजी स्कून इथं दुसऱ्या चार्ल्सचा राज्याभिषेक याच चिन्हांनी झाला. पुढे इंग्रज फौजा उत्तरेकडे सरकल्या तेव्हा ही चिन्हं डनॉटरला आणली, राजाचे खासगी कागदपत्रही. किल्लेदार होता सर जॉर्ज ओगिल्वी ऑफ बॅरस, शिबंदी सुमारे ७० माणसांची. १६५१च्या सप्टेंबरपासून किल्ला हवाली करण्याची मागणी सुरू झाली. स्कॉटलंडमधली राजाच्या बाजूची बाकीची ठाणी एकेक करून पडली, डनॉटर उरला.

वेढा आठेक महिने चालला आणि बहुतेक काळ तो फक्त वेढाच होता. इंग्रजांना घाई नव्हती, आणि मोठ्या तोफा त्या रस्त्यांवरून ओढत आणणं सोपं नव्हतं. त्या मुदतीतच किल्ल्यातला खरा ऐवज बाहेर गेला. अ‍ॅन लिंडसे हिनं राजाचे कागद अंगावरच्या कपड्यांत शिवून वेढ्यातून पार नेले. राजचिन्हांबाबत दोन हकीकती आहेत. एकीप्रमाणे किनेफ गावच्या धर्मोपदेशकाची, जेम्स ग्रेंजरची, पत्नी ख्रिश्चन फ्लेचर हिनं १६५२च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तीन भेटींत ती नेली. दुसरीप्रमाणे ती समुद्राच्या बाजूनं दोरानं खाली सोडली, आणि खाली समुद्रशेवाळ गोळा करण्याच्या निमित्तानं आलेल्या मोलकरणीनं उचलली. शेवटाबाबत दोन्ही एकच सांगतात: चिन्हं किनेफच्या चर्चच्या फरशीखाली पुरली गेली. दुसरी हकीकत खरी असेल, तर हल्ला अडवणारा कडाच पहाऱ्यातून निसटायला उपयोगी पडला.

मे १६५२ मध्ये मोठ्या तोफा आल्या आणि इथं जागेचं उणं उघडं पडलं. मुख्य भूमीवरची टेकाडं किल्ल्याच्या माथ्याइतकी किंवा त्याहून उंच आहेत, आणि तोफेच्या टप्प्यात आहेत. किल्ल्याची जागा निवडली गेली तेव्हा दगड फेकणारी यंत्रं होती. त्यांच्यासाठी मधली दरी पुरेशी होती. सतराव्या शतकातल्या वेढ्याच्या तोफेला ती दरी म्हणजे मोकळी हवा. गोळे तटाला लागत आणि सरळ राजवाड्याच्या छपरांवरही पडत. आत ना मातीचे जाड तट होते, ना मागे हटायला जागा. सुमारे १० दिवसांच्या माऱ्यानंतर, २४ मे रोजी, शिबंदीला सुखरूप जाऊ देण्याच्या अटीवर ओगिल्वीनं किल्ला सोडला. राजचिन्हं सापडली नाहीत म्हणून त्याला आणि त्याच्या पत्नीला कैदेत ठेवलं. दोघांनी तोंड उघडलं नाही. १६६० मध्ये दुसरा चार्ल्स पुन्हा गादीवर आला तेव्हा चिन्हं फरशीखालून बाहेर निघाली. आज ती एडिंबरा किल्ल्यात आहेत. माझ्या दृष्टीनं डनॉटर त्या वेढ्यात हरलाच नाही. किल्ला गेला, पण ज्याच्यासाठी तो लढवला ते हाती लागलं नाही.

लगेच पुढची हकीकत काळी आहे आणि ती टाळून किल्ला बघू नये. १६८५ मध्ये राजाचं चर्चवरचं वर्चस्व न मानणाऱ्या १६७ कोव्हेनंटरांना, १२२ पुरुष आणि ४५ स्त्रियांना, इथं डांबलं. राजवाड्याखालचं ते तळघर व्हिग्ज व्हॉल्ट म्हणून ओळखलं जातं. साधारण १६ × ४.५ मीटर. म्हणजे ७२ चौरस मीटरमध्ये १६७ माणसं, माणशी अर्धा चौरस मीटरही नाही. सगळ्यांना एकाच वेळी आडवं होणं अशक्य. समुद्राकडच्या खिडकीतून २५ जण निसटले. त्यांतले दोघे कड्यावरून पडून मेले, १५ पुन्हा पकडले गेले. काही कोठडीतच मेले, ३७ जणांनी निष्ठेची शपथ घेऊन सुटका मिळवली, आणि उरलेल्यांना जहाजावर घालून अमेरिकेत न्यू जर्सीला पाठवलं. त्या प्रवासातही पुष्कळ मेले. तळघरात शिरलात तर जमिनीवर पावलांनी मापं घेऊन बघा.

मग अवशेष कधी झाले? १७१५च्या जॅकोबाइट बंडात दहावा अर्ल पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूनं उभा राहिला. बंड फसलं आणि त्याची सगळी मालमत्ता जप्त झाली. १७२० साली ती यॉर्क बिल्डिंग्ज कंपनीनं विकत घेतली. ही कंपनी जप्त जमिनींच्या सौद्यात उतरली होती. तिला किल्ला नको होता, माल हवा होता. छपराचं शिसं, तुळया, फरश्या, दारं, जे उपयोगाचं ते निघालं. क्रॉमवेलच्या तोफांनी जे केलं नाही ते इथं शांतपणे झालं. छप्पर एकदा गेलं की भिंतीचं आयुष्य मोजायला लागावं. मधल्या काळात मालक बदलत गेले. १९१९ मध्ये पहिला व्हायकाउंट काउड्रे, वीटमन पिअर्सन यानं हा किल्ला घेतला आणि १९२५ पासून त्याच्या पत्नीनं पद्धतशीर डागडुजी सुरू केली. किल्ला लोकांसाठी उघडा झाला तो त्यानंतर.

इथं जुन्या बांधकामाच्या जतनाबद्दल थोडं, कारण 'पुन्हा छप्पर का घालत नाहीत, भिंतींना सिमेंट का लावत नाहीत' असं बरेच जण विचारतात. अशा भिंतीला बाहेरून दोन दगडी पदर असतात, मध्ये दगड-चुन्याचा भराव. छप्पर असताना भिंतीचा माथा कोरडा राहतो. ते गेलं की पाणी थेट भरावात उतरतं, चुना धुवून नेतं, पदर सुटे होऊन फुगतात. हिवाळ्यात आत अडकलेलं पाणी गोठतं आणि सुमारे ९ टक्के फुगतं. समुद्राच्या तुषारांतलं मीठ दगडाच्या छिद्रांत स्फटिक बनून वालुकाश्माचे पापुद्रे काढतं. सिमेंटनं दगडांमधल्या फटी भरल्या तर ओल बाहेर यायचा रस्ता बंद होतो. मग ती दगडातूनच बाहेर पडते, दगड झिजतो आणि सिमेंटच्या रेघा तेवढ्या पुढे आलेल्या दिसतात. म्हणून चुनाच वापरावा लागतो. तो दगडापेक्षा मऊ असतो, स्वतः झिजतो आणि दगड वाचवतो. भिंतीच्या माथ्यावर माती आणि गवताचा थर मुद्दाम राखणं हाही चांगला उपाय, कारण गवत पाणी शोषतं आणि थंडी-उष्णतेचे झटके कमी करतं. झुडपांची मुळं मात्र वेळीच काढलीच पाहिजेत. पूर्ण पुनर्बांधणी करायची तर आधी कोणत्या काळाचा किल्ला उभा करायचा हे ठरवावं लागेल, आणि बाकीच्या काळांच्या खुणा पुसाव्या लागतील. डनॉटरमध्ये राजवाड्याच्या एका दालनाला विसाव्या शतकात नवं लाकडी छत घातलं आहे. तुलनेसाठी तेवढं पुरेसं आहे असं मला वाटतं.

प्रत्यक्ष बघताना नजर कुठे ठेवायची? भिंतीत एका ओळीत चौकोनी भोकं दिसली की तिथं तुळया बसत होत्या, म्हणजे तिथं मजला होता. अधांतरी लटकलेली शेकोटी दिसली की तिच्या खालच्या कडेपाशी जमीन होती. शेकोटीची रुंदी दालनाचा दर्जा सांगते. माणूस उभा राहील एवढी रुंद असेल तर ते स्वयंपाकघर, कोरीव चौकट असेल तर मालकाचं दालन. खिडकी बाहेरून अरुंद आणि आत रुंद असेल तर संरक्षणाचा विचार. समुद्राकडे मोठ्या खिडक्या दिसल्या तर समजा, त्या बाजूनं कोणी येणार नाही याची बांधणाऱ्याला खात्री होती. मनोऱ्यातून राजवाड्यात जाताना खिडक्या कशा मोठ्या होत जातात ते पाहा. दोनशे वर्षांत या घराण्याला कशाची भीती वाटेनाशी झाली ते त्यात दिसतं.

जायचं असेल तर स्टोनहेवनपर्यंत रेल्वे आहे. तिथून कड्याच्या कडेनं चालत जावं, गाडीतळावरून नको, कारण किल्ला हळूहळू उलगडत जाणं हाच त्या वाटेचा लाभ. वाटेत ब्लॅक हिलवर १९२३चं युद्धस्मारक लागतं. ते मुद्दाम अपुरं, पडक्यासारखं बांधलं आहे. तिथून किल्ल्याकडे पाहिलंत की उंचीचा फरक लगेच लक्षात येतो आणि १६५२ची तोफांची गोष्ट वेगळी समजावून द्यावी लागत नाही. किल्ल्यात शिरायला उतार आणि चढ धरून २००हून अधिक पायऱ्या आहेत, चाकाच्या खुर्चीनं आत जाता येत नाही. जोराच्या वाऱ्यात आणि बर्फात किल्ला बंद ठेवतात, त्यामुळे निघण्याआधी चौकशी करा. तळव्याला पकड असलेले बूट घाला, पावसानंतर बोगद्यातले दगड निसरडे होतात. मुख्य भूमीवरून पाहताना पहाटे सूर्य किल्ल्यामागे येतो, आकृती काळी दिसते. भिंतींचा पोत बघायचा तर दुपारनंतरचं ऊन हवं. वसंत-उन्हाळ्यात समुद्रावरून दाट धुकं अचानक सरकत येतं, तेव्हा काठापासून लांब राहा.

आत दोन तास तरी ठेवा. आधी दरवाजा आणि झरोके, मग मनोरा, मग सरळ राजवाड्याचा चौक आणि तळघर. तबेले, लोहाराची भट्टी, वॉटर्टन्स लॉजिंग ही राहण्याची इमारत परतताना पाहिले तरी चालतात. वेळ उरला तर दक्षिणेला काही मैलांवर किनेफचं जुनं चर्च आहे. आजची इमारत १७३८ची, वेढ्याच्या वेळची नाही, पण जागा तीच. आत ग्रेंजर दांपत्याचं आणि ओगिल्वीचं स्मरण राखलं आहे.